चाकरमानी आणि गावठी कोंबडा : लहान कळपातील निवडीचा एक प्रश्न

परळ, लालबाग, काळाचौकी, भायखळा या परिसरास ज्या कापडगिरण्यांमुळे गिरणगाव हे नाव पडले, त्या गिरण्यांतील कामगारांचा मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातून येत असे. आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही १९८१ पर्यंत रत्नागिरीतच मोडत होता. या कामगाराचा संसार दोन ठिकाणी विभागलेला असे. रोख मिळकत चाळीत होई. भातशेती, गुरे आणि कोंबड्या गावी राहत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तरी गावाशी असलेले हे नाते तुटले नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर तर जाणेयेणे अधिकच सुलभ झाले. चाकरमानी गावी आला म्हणजे त्याच्या पाहुणचारासाठी कोंबडा कापला जातो, ही गोष्ट इतकी परिचित आहे की तिच्यात अभ्यासण्याजोगे काही असेल असे सहसा कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात त्याच गोष्टीचा आनुवंशिकीच्या दृष्टीने विचार केला आहे. कोणता कोंबडा कापला जातो आणि कोणता मागे उरतो यावर गावातील कोंबड्यांच्या पुढील पिढीचे स्वरूप अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

लहान कळप आणि मोठा व्यवसाय

परसातील कुक्कुटपालन म्हणजे मोठ्या व्यवसायाची छोटी प्रतिकृती, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ती बरोबर नाही. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या वेंकटेश्वर हॅचरीजसारख्या संस्थांनी भारतात जो व्यवसाय उभा केला, त्यात प्रजननाचे काम पाळणाऱ्याच्या हाती नसतेच. शुद्ध वंश, त्यांपासून आजा-आजीची पिढी, तिच्यापासून मातापित्यांची पिढी आणि शेवटी बाजारासाठी वाढवावयाची पिले अशी ती उतरंड असते. शेतकरी या उतरंडीच्या तळाची एक दिवसाची पिले विकत घेतो, वाढवितो आणि विकून टाकतो. त्या पिलांपासून पुढची पिढी काढण्याचा प्रश्न त्याच्यासमोर येत नाही.

परसात याच्या उलट स्थिती असते. तेथे घरच्याच अंड्यांवर घरचीच खुडूक कोंबडी बसते, एकवीस दिवसांनी पिले निघतात आणि त्यांतूनच पुढील वर्षाच्या तलंगा व कोंबडे तयार होतात. पाळणारी व्यक्ती, आणि ती बहुधा घरातील स्त्री असते, हीच येथे प्रजननकार असते. मग तिला त्याची जाणीव असो वा नसो. या प्रकारचे पालन नाममात्रही नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील सुमारे ८५ कोटी १८ लाख कुक्कुटपक्ष्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते, आणि मागील गणनेच्या मानाने त्यांत सुमारे ४६ टक्के वाढ झाली होती. मुलांच्या वह्या, औषधपाणी, एस. टी. चे भाडे असा किरकोळ रोख खर्च अनेक घरांत याच अंड्या-कोंबड्यांवर भागतो. म्हणून अशा कळपाची उपज घटली तर तिचा भार प्रथम त्या स्त्रीच्या हातातील पैशावर पडतो.

कोणता कोंबडा उरतो

कोकणात हिवाळ्यात काढलेली पिले पावसाळी पिलांपेक्षा अधिक तगतात. पावसाच्या ओलीत रक्ती हगवणीसारखे रोग बळावतात. मार्गशीर्ष-पौषातील पिलांमधील नर पाच-सहा महिन्यांनी वयात येतात. नेमका तोच मे महिन्याच्या सुट्टीचा आणि त्यापाठोपाठ आषाढाचा काळ असतो. श्रावण पाळावयाचा असल्याने आषाढी अमावास्येपूर्वी कोंबड्यास मागणी वाढते. लालबाग-परळच्या बाजारात गावठी कोंबड्यास ब्रॉयलरपेक्षा चढा भाव मिळतो, म्हणून गावोगाव फिरून पक्षी गोळा करणारा व्यापारीही येऊन जातो. पुढे काही घराण्यांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. शिमगा आणि जत्रा यांचे प्रसंग निराळेच.

या प्रत्येक प्रसंगी निवड एकाच दिशेने होते. पाहुण्याच्या ताटासाठी अंगाने भरलेला कोंबडा धरला जातो. व्यापारी वजनावर पैसे देतो. नवसाचा कोंबडा सहसा डौलदार आणि अव्यंग पाहून राखला जातो. सर्वांत लवकर वाढलेला नर सर्वांत आधी डालग्याखाली जातो आणि त्याने पुरेशी प्रजा निर्माण करण्यापूर्वीच तो नाहीसा होतो. मागे उरतो तो सावकाश वाढणारा, किडकिडीत, कोणाच्या नजरेत न भरलेला. पुढच्या हंगामातील पिलांचे पितृत्व त्याच्याकडे जाते. प्रजननशास्त्रात यास उलटी निवड म्हणतात. येथे ती कोणी हेतूने करीत नाही. आतिथ्य, श्रद्धा आणि बाजारभाव या तिन्हींच्या ओघात ती घडते.

तिचा परिणाम किती होतो हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. समजा, एका वाडीतील वयात आलेल्या सर्व नरांचे सरासरी वजन १,२०० ग्रॅम आहे आणि प्रजननासाठी उरलेल्या नरांचे १,००० ग्रॅम. हा फरक २०० ग्रॅमचा झाला. माद्यांमध्ये अशी निवड झालेली नसल्याने पित्याकडून त्याचा अर्धाच भाग, म्हणजे १०० ग्रॅम, हिशेबात धरावयाचा. वजनातील फरकाचा जो अंश आनुवंशिक असतो, तो ०.४ मानला तर पुढील पिढीचे सरासरी वजन सुमारे ४० ग्रॅमने उतरेल. एका पिढीत ही घट डोळ्यांस जाणवणार नाही. परंतु कोंबडीची पिढी साधारण वर्षाची असते, आणि हेच दहा वर्षे चालले तर होणारी घट सहज ध्यानात येण्याजोगी होईल. प्रत्यक्षात नैसर्गिक निवडही आपले काम करीत असते. मुंगूस, घार आणि रोग यांतून निभावणारा पक्षीच टिकतो. त्यामुळे घट अशी सरळ रेषेत होणार नाही. तथापि तिची दिशा कोणती, याविषयी शंका उरत नाही.

एकाच जनुकावर अवलंबून असलेल्या गुणांच्या बाबतीत हा परिणाम आणखी शीघ्र होऊ शकतो. उलट्या पिसांच्या पक्ष्यास काही विधींसाठी विशेष मागणी असते. पिसे उलटी वळविणारे जनुक अंशतः प्रभावी असल्याने ते एका पालकाकडून आले तरी पिसांवर दिसते. म्हणजेच तो पक्षी ओळखून काढून घेणे सोपे असते. अशा पिसांतून शरीराची उष्णता सुलभतेने बाहेर पडते, आणि उष्ण दमट किनाऱ्यावर हा गुण उपयोगाचा आहे. मागणीपोटी असे पक्षी वयात येताच उचलले गेले, तर कळप एका उपयुक्त गुणास मुकतो.

नरांच्या संख्येचा हिशेब

दुसरा प्रश्न संख्येचा आहे. सेवॉल राइट याने १९३१ मध्ये दाखविल्याप्रमाणे, नर आणि माद्या यांची संख्या विषम असेल तर आनुवंशिक दृष्ट्या कळपाचा खरा आकार डोक्यांच्या मोजणीवरून कळत नाही. नरांची संख्या व माद्यांची संख्या यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला दोहोंच्या बेरजेने भागावे. येणाऱ्या संख्येस प्रभावी प्रजननसंख्या म्हणतात. एकास तिच्या दुपटीने भागले की दर पिढीस अंतःप्रजनन, म्हणजे रक्ताच्या नात्यातील संकराचे प्रमाण, किती वाढेल ते मिळते.

एक कोंबडा व दहा कोंबड्या असा कळप घेतला तर प्रभावी संख्या ३.६ येते आणि दर पिढीची वाढ १३.७५ टक्के. सावत्र भावंडांच्या संकरातून होणारे अंतःप्रजनन १२.५ टक्के असते; म्हणजे अशा घरी दर पिढीस त्याहूनही थोडी अधिक भर पडते. आता कोंबड्या दहाच्या वीस केल्या आणि कोंबडा एकच ठेवला, तर वाढ १३.१ टक्क्यांपर्यंतच उतरते. उलट कोंबड्या दहाच ठेवून कोंबडे दोन केले तर ती ७.५ टक्के होते, आणि तीन केले तर ५.४ टक्के. दहा कोंबड्या जादा पाळून जे साधत नाही ते एक कोंबडा जादा राखून साधते. अंतःप्रजनन वाढले की अंडी उबण्याचे प्रमाण घटते, पिलांची मर वाढते, आणि दोष मात्र खुडूक कोंबडीला किंवा ऋतूला दिला जातो.

येथे कोकणातील वाडीची रचना उपकारक ठरते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या कुंपण मानीत नाहीत. म्हणून दहा घरांच्या वाडीत प्रत्येकी एक कोंबडा व दहा कोंबड्या असतील, तर व्यवहारात शंभर माद्या व दहा नरांचा एकच कळप होतो आणि अंतःप्रजननाची वाढ १.४ टक्क्यांच्या आसपास राहते. हे संरक्षण अर्थातच दहाही कोंबडे जिवंत असेपर्यंतचे. आषाढ संपताना त्यांतील दोनच उरले, तर त्या हंगामापुरती शंभर कोंबड्यांची वाडीही सुमारे ६.४ टक्क्यांवर जाते.

बाहेरचा नर आणणे कितपत हितकर

कळपाची प्रत उतरली की सुधारित जातीचा नर आणावा, असा सल्ला दिला जातो. ऱ्होड आयलंड रेड किंवा व्हाइट लेगहॉर्न जातीचे नर गावोगाव देण्याचे प्रयत्न पूर्वी झालेही. अशा संकराने पहिल्या पिढीत अंडी वाढतात, यात संशय नाही. पण व्हाइट लेगहॉर्नमध्ये खुडूक बसण्याची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने जवळजवळ नाहीशी केलेली आहे. खुडूक कोंबडीच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले असते. त्या काळात ती अंडी देणे थांबविते, म्हणून व्यवसायाच्या दृष्टीने हा दोष होय. जेथे उबवणी यंत्र नाही तेथे मात्र तीच कोंबडी हे यंत्र असते. संकरातून आलेल्या तलंगा नीट बसेनाशा झाल्या की पिले विकत आणावी लागतात आणि पुढील प्रजननाचा निर्णय घराबाहेर जातो.

बंगलोर येथे विकसित झालेली गिरिराजा व हैदराबाद येथे विकसित झालेली वनराजा या पक्ष्यांचे स्थान वेगळे आहे. ते परसासाठीच तयार केले गेले आणि मांसासाठी उत्तम वाढतात. परंतु ते संकरित असल्याने त्यांच्या प्रजेत गुण विखुरतात. त्यांचा खरा उपयोग पाहुण्यांची व बाजाराची मागणी भागविण्यासाठी करता येईल. पाहुणचारास वनराजाचा कोंबडा मिळाला तर घरचा गावठी नर वंशासाठी राखता येतो. यासाठी दोहोंची खुराडी आणि फिरण्याची जागा वेगळी ठेवणे मात्र अवश्य आहे.

उपाय आणि अभ्यासाची दिशा

वरील विवेचनावरून निघणारे उपाय खर्चाचे नाहीत. पहिला उपाय असा की, हंगामातील नरांपैकी लवकर वाढलेले आणि निरोगी असे दोन-तीन नर वयात येण्यापूर्वीच हेरून, पायात कडी घालून राखीव ठेवावेत. कापण्यासाठी आणि विकण्यासाठी उरलेल्यांतून निवड करावी. दुसरा उपाय कोंबडीच्या शरीररचनेवर आधारलेला आहे. नराचे शुक्राणू तिच्या अंडनलिकेतील सूक्ष्म नळ्यांमध्ये साठून राहतात आणि पुढे आठ-दहा दिवस अंडी चांगल्या प्रमाणात फलित होत राहतात. म्हणून उत्तम कोंबडा कापणे टळतच नसेल, तर त्याच्या अखेरच्या दिवसांतील व त्यानंतरच्या आठवड्यातील अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. त्याचा वंश तरी राहतो. मात्र वाडीत दुसरे नर मोकळे असल्यास या अंड्यांच्या पितृत्वाची खात्री देता येणार नाही.

तिसरा उपाय शेजारच्या वाडीशी दर वर्ष-दोन वर्षांनी नरांची अदलाबदल करण्याचा. त्यात रोगाचा धोका आहे. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, एका पक्ष्याबरोबर येऊन सारी वाडी रिकामी करू शकते. आणि २००६ मध्ये नवापूर येथे भारतात प्रथमच आढळलेल्या बर्ड फ्लूने पक्ष्यांच्या हालचालीविषयी सर्वांनाच सावध केले आहे. म्हणून आणलेला नर लस टोचून दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा, मगच कळपात सोडावा.

या प्रश्नाचा प्रत्यक्ष अभ्यास करण्यास परळइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय गिरणगावाच्या मध्यभागीच आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ज्यांची घरे कोकणात आहेत, त्यांनी एकेका वाडीतील नरांची संख्या व वजने वैशाखात एकदा आणि श्रावणात एकदा अशी नोंदविली, आणि कापलेल्या व उरलेल्या नरांच्या वजनांतील फरक काढला, तर उलट्या निवडीचे माप प्रत्यक्ष आकड्यांत मिळेल. त्यासाठी एक काटा आणि एक वही पुरे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील अभ्यासकांशी सहकार्य झाल्यास दोन-तीन वर्षांत अनेक वाड्यांची तुलना करता येईल.

अशा नोंदी करताना घरातील स्त्रीशी बोलणे अगत्याचे आहे. आपल्या कळपातील कोणता पक्षी कोणाचा आणि कोणती तलंग कोणत्या कोंबडीची, हे ती बहुधा सांगू शकते. पाहुणा आल्यावर कोणता कोंबडा धरावयाचा याचा निर्णय मात्र नेहमीच तिच्या हाती नसतो. कळप सुधारण्याच्या कोणत्याही योजनेत हा निर्णय तिच्याकडे येईल अशी व्यवस्था प्रथम करावी लागेल.