रँक कळली, पण आमच्या खाडीवर कोण काम करतंय?

पेणहून रोह्याकडे येणाऱ्या मेमूत गेल्या महिन्यात मैत्रिणीने मोबाइल माझ्यासमोर धरला. ती पेणला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. पुढे पर्यावरण विज्ञानात एमएस्सी करायचीये, म्हणून या विषयात कुठल्या विद्यापीठाचं संशोधन भारी हे सांगणारी रँकिंग्ज ती पाहत होती. एकच नाव एका यादीत बरंच वर, दुसरीत खाली आणि तिसरीत नाहीच! ‘तू पत्रकार ना, सांग मग, खरं कोण?’ मी ‘शोधून सांगते’ म्हणून बसले. आता सांगणं आलं.

तिला घाई का, तेही सांगते. तिच्या घरची शेती खारेपाटात आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी उधाणात बांधाला खांड गेली, खाडीचं पाणी भातात शिरलं आणि जमीन खारावली. वडील अधूनमधून चिडवतात, ‘शिकून आल्यावर शेतातलं मीठ काढशील काय गो?’ हॉस्टेल, फी, दोन वर्षं, हा सगळा खर्च त्या एका प्रश्नापुढे उभा आहे.

आता याद्यांकडे. आपल्या सरकारची एनआयआरएफ २०१६ पासून निघते. तिच्यात विद्यापीठांसाठी संशोधनाला ३० टक्के वजन आहे. बाकीचे गुण शिकवणं, निकाल, सर्वसमावेशकता आणि लोकांच्या मनातली प्रतिमा यांना. पण पर्यावरण विज्ञानाची वेगळी यादी तिच्यात नाहीच. म्हणजे वरच्या नंबरच्या विद्यापीठात आपला विभाग तगडा असेल, असं धरून चालता येत नाही. क्यूएसची विषयवार यादी आहे, तिथे प्राध्यापक आणि कंपन्यांना विचारून केलेल्या सर्वेक्षणाला मोठं वजन. थोडक्यात, नाव मोठं असेल तर गुण आधीच खिशात. शांघायची विषयवार यादी मुख्यतः पेपर मोजते: नावाजलेल्या जर्नल्समध्ये किती छापले, इतरांनी त्यांचे किती दाखले दिले, परदेशी संशोधकांसोबत किती केले. तिन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात, म्हणून उत्तरंही तीन. कुणी खोटं बोलत नाहीये.

रँकिंग फालतू आहे, असं मी म्हणणार नाही. संशोधनात वर असलेल्या ठिकाणी साधारणपणे प्रकल्पांचा पैसा असतो, लॅबमध्ये चालू स्थितीतली यंत्रं असतात आणि पीएचडी करणारे सीनिअर हाताशी असतात. आपल्यापैकी किती जणांनी ईव्हीएसचा प्रोजेक्ट सीनिअरच्या फाइलवरून उतरवलाय, ते आठवा. (मीही. पाणी प्रदूषणावर. नदीवर न जाता.) त्यामुळे प्रत्यक्ष नमुने तपासायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

अडचण वेगळी आहे. खारजमिनीवरचं काम आपल्या जिल्ह्यातच चालतं, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. खाऱ्या जमिनीत तग धरणारे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे भाताचे वाण इथलेच. बियाणं शेतात पोचलं, पीक आलं, याला जागतिक याद्यांत रकाना नाही. उत्तर ध्रुवाच्या बर्फावरच्या पेपरला जगभरातून दाखले मिळतात. पेणच्या खारेपाटातल्या मातीवर लिहिलं तर वाचणारे किती? मराठीत लिहिलेली शेतकऱ्यांसाठीची पुस्तिका तर मोजलीच जात नाही.

दुसरं उदाहरण पेणच्या मूर्तींचं. पीओपी पाण्यात नीट विरघळत नाही, हा दरवर्षीचा वाद. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरगुती मूर्ती विरघळवण्याची पद्धत दिली. उरतात चुन्यासारखं कॅल्शियम कार्बोनेट आणि खत म्हणून चालणारं अमोनियम सल्फेट. पुणे महापालिकेने ती पावडर लोकांना वाटलीही. आपल्या भागाला इतकं जवळचं काम, पण ते करणारी संस्था प्रयोगशाळा आहे, विद्यापीठ नाही. विद्यापीठांच्या यादीत तिला शोधत बसाल तर सापडायची नाही. नागपूरच्या नीरीचंही तसंच.

आणि मी रोह्याची, तर कुंडलिकेचं बोलणारच. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की कोलाडला राफ्टिंग रंगतं. तीच नदी पुढे धाटाव एमआयडीसीच्या बाजूने रोह्यात येते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यात महाराष्ट्राचे ५३, सगळ्यात जास्त. कुंडलिका त्यातच. या नदीवर कुणी काम केलंय, हे मला एकाही रँकिंगने सांगितलं नाही.

मग बघायचं कुठे? ‘शोधगंगा’वर. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. नदीचं, तालुक्याचं नाव टाका, ‘खारजमीन’ इंग्रजीत टाका. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शकाचं नाव असतं. ते अजून शिकवतात का, कुठे, हे विभागाच्या पानावर पाहा. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला सरळ विचारा, महिन्यातून किती वेळा फील्डवर नेतात आणि यंत्राला हात लावू देतात का. पुढे एमटेकचा विचार असेल, तर गेटमध्ये २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, तेही लक्षात असू द्या. रँक पाहायचीच तर या सगळ्यानंतर, दोन ठिकाणांत अडलात तर.

मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे यादी मीच करायची!’ रविवारी बसून तिने केली. विद्यापीठांच्या नावांऐवजी माणसांची नावं, पुढे त्यांचे विषय. पहिला ईमेल तिने परवा पाठवला. खारावलेल्या शेतातली माती तपासायची तर नमुना किती खोलीवरून घ्यायचा, हेही त्यात विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.