धावेच्या पटांतील अंतरगणना : काही संकेतांची आवश्यकता

सारीपाट आणि बॅकगॅमन हे दोन्ही खेळ मूलतः धावेचे आहेत. फाशांवर पडलेल्या दानाप्रमाणे सोंगट्या पुढे न्यावयाच्या आणि प्रतिपक्षाच्या आधी त्या शेवटास पोहोचवावयाच्या, हा दोहोंचा उद्देश होय. एकमेकांच्या सोंगट्या मारण्याचा संभव उरला नाही, म्हणजे खेळ केवळ शर्यतीचा होतो आणि ‘पुढे कोण व किती?’ हा प्रश्न गणिताच्या कक्षेत येतो. तथापि त्याचे उत्तर लिहिताना प्रत्येकाने आपापली पद्धत अनुसरल्यास तेच अंक परस्परविरुद्ध निर्णयांकडे नेतात. असे का घडते आणि ते टाळण्यास कोणते संकेत पुरेसे होतील, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. घरे की पावले?

पहिला प्रश्न मोजमापाच्या एककाचा आहे. वर्सोवा ते घाटकोपर या मेट्रोमार्गावर स्थानके १२ आहेत. परंतु वर्सोव्यास बसलेल्या प्रवाशास घाटकोपर गाठण्यासाठी ११ टप्पेच ओलांडावे लागतात. पटावरही हाच भेद आहे. सारीपाटाच्या चार पट्ट्यांपैकी प्रत्येकीत आठ-आठ घरांच्या तीन रांगा असतात. सोंगटी मध्यघरातून निघून आपल्या मधल्या रांगेतून खाली उतरते, तेव्हा ८ पावले होतात. बाहेरील ६८ घरांचा फेरा पुरा करून ती त्याच टोकाशी येते. आणि मधल्या रांगेतून मध्यघरात परतताना पुन्हा ८ पावले लागतात. एकूण ८४ पावले होतात. मध्यघराखेरीज वाटेत लागणारी स्थाने मात्र ८३ भरतात. चौऱ्यांशीच्या फेऱ्याची आठवण करून देणारी ही संख्या पावलांची आहे, घरांची नव्हे. यास्तव ‘उरलेले अंतर’ म्हणजे सोंगटी शेवटास पोहोचेपर्यंत टाकावयाची पावले, असा पहिला संकेत असावा.

बॅकगॅमन हा नर्द या इराणी खेळाच्या कुळातील. नर्दच्या ३० सोंगट्यांची सांगड महिन्याच्या ३० दिवसांशी घालणारा पहलवी ग्रंथ जे. सी. तारापोर यांनी १९३२ साली मुंबईत भाषांतरासह प्रसिद्ध केला. बॅकगॅमनमध्ये प्रत्येक पक्षाच्या १५ सोंगट्या २४ घरांच्या पटावरून फिरून शेवटी पटाबाहेर काढावयाच्या असतात. आरंभी प्रत्येक पक्षाचे उरलेले एकूण अंतर १६७ पावले असते.

२. कोणाची पाळी?

बॅकगॅमनमध्ये दोन फाशांची सरासरी बेरीज ७. पण जोड पडल्यास दान दुप्पट खेळावयाचे असल्याने प्रत्यक्ष सरासरी ४९/६, म्हणजे सुमारे ८.१७ होते. दोन्ही पक्षांचे अंतर १०० असेल, तर ज्याची पाळी आहे तो अर्ध्या दानाने, म्हणजे सुमारे ४ पावलांनी, वस्तुतः पुढे असतो. डॅनी क्लाइनमन यांच्या सूत्रात आघाडीत ४ मिळविले जातात, त्यामागील कारण हेच होय. म्हणून नोंद नेहमी दान टाकण्यापूर्वीची असावी. फासे टाकणाऱ्याचे अंतर ‘च’, प्रतिपक्षाचे ‘प’, आणि फरक फ = प − च असा लिहावा. ‘फ’ धन असल्यास चाल असणारा पुढे, ऋण असल्यास मागे, हे चिन्हावरूनच कळेल.

३. शेकडेवारी कशाची?

सर्वांत अधिक घोटाळा येथे होतो. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बॅकगॅमनमध्ये पण दुप्पट करण्याची रीत आली. पाळी असलेल्या खेळाडूने दुप्पटीची मागणी केली असता प्रतिपक्षाने एकेरी पण देऊन डाव सोडावा, अथवा दुहेरी पणाने पुढे खेळावे. जिंकण्याचा संभव एक-चतुर्थांशाहून अधिक असल्यास (पुढील दुप्पटी वगळून) खेळणेच हितकर ठरते. कारण चारांपैकी एक डाव जिंकून तीन हरल्यास दुहेरी पणाने एकूण ४ पण जातात, आणि चारही डाव सोडल्यासही ४ च जातात. मध्यम लांबीच्या शर्यतीत हा संभव अजमावण्याचा प्रचलित ठोकताळा असा : आघाडी ८ टक्के असल्यास प्रथम दुप्पट करावी, ९ टक्के असल्यास पुन्हा दुप्पट करावी, आणि १२ टक्क्यांपर्यंत प्रतिपक्षाने ती स्वीकारावी.

आता च = १००, प = ११३ असे धरू. फ = १३. हा फरक ‘च’च्या १३ टक्के आहे, म्हणून डाव सोडावा. तोच ‘प’च्या प्रमाणात घेतल्यास ११.५ टक्के भरतो, म्हणून खेळावे! पटावरील स्थिती एकच आहे, केवळ छेद बदलला. हा ठोकताळा फ/च या प्रमाणासाठी रचलेला असल्याने छेदस्थानी नेहमी ‘च’ असावा, हा तिसरा संकेत.

४. वाया जाणारी पावले

सोंगट्या बाहेर काढताना पावलांची संख्याही अपुरी पडते. चौथ्या घरात एकच सोंगटी असेल, तर अंतर ४. पहिल्या घरात चार सोंगट्या असतील, तरीही अंतर ४. पहिल्या स्थितीत ३६ पैकी ३४ दानांत काम एकाच फेकीत संपते, म्हणून सरासरी १.०६ फेकी लागतात. दुसऱ्या स्थितीत जोड पडल्याखेरीज दोन फेकी अटळ, म्हणून सरासरी १.८३. या सरासरीस ८.१७ ने गुणल्यास अनुक्रमे सुमारे ८.६ व १५ ही ‘प्रभावी अंतरे’ मिळतात. वॉल्टर ट्राइस यांनी या कल्पनेचा पुष्कळ उपयोग केला. प्रभावी अंतर साध्या अंतराशी मिसळू नये. ते ‘च′’ व ‘प′’ असे वेगळ्या चिन्हांनी दाखवावे.

भिन्न खेळांच्या तुलनेसही फेकी हेच सामान्य माप उपयोगी पडते. १, २, ५, ६ असे अंक असलेल्या तीन लांबट फाशांनी सारीपाट खेळल्यास सरासरी दान १०.५ होते. चार सोंगट्या मध्यघरातून निघत असल्यास एकूण अंतर ३३६, म्हणजे ३२ दाने. बॅकगॅमनचे १६७ म्हणजे सुमारे २०.४ दाने. अर्थात हा अंदाज मारामारी वगळून आहे. शिवाय सारीपाटात अखेरीस नेमके दान लागते, तेव्हा तेथे पावलांऐवजी सबंध दानच वाया जाते, हेही ध्यानात ठेविले पाहिजे.

सारांश, ‘च १००, प ११३, फ १३, फ/च १३ टक्के’ अशी नोंद मिळाल्यास ती कोणाही अभ्यासकास पुन्हा तपासता येईल. ‘तेरा टक्के आघाडी’ एवढेच लिहिल्यास ती आघाडी कोणाची, केव्हाची आणि कशाच्या प्रमाणात, हे तीनही प्रश्न शिल्लक राहतात. शर्यतीच्या स्थितींचा संग्रह करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच नोंदीपासून हे संकेत पाळावेत. पटाचे चित्र हाती नसल्यास मागाहून छेद शोधून काढणे शक्य होत नाही.