दमट हवा आणि घरातील मौल्यवान कागद

गृहकर्जासाठी अर्ज केल्यावर अनेक ग्राहक कपाटाच्या तळाशी ठेवलेली फाईल कित्येक वर्षांनंतर प्रथमच उघडतात. घर कोकणात वा मुंबईत असेल, तर खरेदीखताची पाने एकमेकांना चिकटलेली, शिक्क्यांची शाई पसरलेली आणि कडांना काळी बुरशी धरलेली आढळण्याचा संभव असतो. कुलूप चोराला अडविते. हवेतील ओलाव्याला नाही.

हा ओलावा किती असतो? ३० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प धारण करते. पावसाळ्यात किनारपट्टीवर सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असणे नित्याचेच. म्हणजे १० फूट रुंद, १२ फूट लांब व १० फूट उंच खोलीतील हवेत सुमारे ८०० ग्रॅम पाणी असते. ही हवा २५ अंशांच्या भिंतीला किंवा कपाटाच्या पत्र्याला लागून थंड झाली, की तेवढे बाष्प तिला पेलवत नाही आणि त्याचे पाणी होते. बुरशीला तर पाणी साचण्याचीही वाट पाहावी लागत नाही. आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली, तरी ती कागदावर वाढू लागते.

म्हणून कपाट बाहेरील भिंतीला टेकवू नये. मागे चार बोटे तरी जागा सोडावी. कागद सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवू नयेत. ओले कपडे त्याच खोलीत वाळत घालू नयेत, कारण त्यांतील सर्व पाणी अखेर हवेतच मिसळते. संततधार पावसात खिडक्या उघडल्याने खोली कोरडी होत नाही. उघडीप मिळताच त्या उघडाव्यात. डांबरगोळ्या कीटकांना दूर ठेवतात, पण ओलावा शोषत नाहीत. त्यासाठी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व त्या ठरावीक काळाने बदलाव्यात. मात्र डब्यात जाणारा कागद आधीच कोरडा हवा. मूळ दस्तांचे लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा सोडविताना कागद फाटतो.

कागद भिजलाच, तर तो इस्त्रीखाली वा कडक उन्हात धरू नये. टीपकागदावर सुटा पसरून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावा. चिकटलेली पाने ओढून वेगळी करू नयेत.

भिजलेल्या नोटांबाबतही घाबरण्याचे कारण नाही. मळलेल्या व फाटलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेच्या शाखेत बदलून मिळतात. मात्र अत्यंत ठिसूळ झालेल्या किंवा विलग न होण्याइतक्या चिकटलेल्या नोटा शाखेत स्वीकारल्या जात नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात सादर कराव्या लागतात. मुदत ठेवीची पावती खराब झाल्यास चिंता नसावी, कारण ठेवीची नोंद बँकेकडे असते. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळू शकते. परंतु गहाणासाठी बँक मूळ दस्त मागते आणि त्याची जागा प्रत सहजी घेऊ शकत नाही.

कोकणातील घरांत मे महिन्यात पापड, कुरडया, आमसुले यांची वाळवणे पडतात. त्याच कोरड्या दिवसांत एक दुपार फाईलसाठीही राखून ठेवावी. सावलीत वारा दिलेला दस्त पुढील पावसाळा निर्धास्तपणे काढतो आणि घराची मालकी सिद्ध करण्याची वेळ येते तेव्हा वाचता येतो.