पाहणं आणि दिसणं (लेखांक ७) : नसलेली रेघ

भर दुपारी उन्हात धरलेल्या वर्तमानपत्राची काळी अक्षरं जेवढा उजेड परत फेकतात, तेवढा रात्री ट्यूबलाइटखाली त्याच पानाचा पांढरा कागदही फेकत नाही. तरी दोन्हीकडे अक्षरं काळीच दिसतात आणि कागद पांढराच. बाहुली लहानमोठी होऊन उजेड कसा आवरते, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. पण तिची मजल फार तर सोळा पटींपर्यंत. खरं काम पडद्यावर, म्हणजे रेटिनावर चालतं. तिथे कुठे किती उजेड पडला यापेक्षा शेजारशेजारच्या जागांत फरक किती, याला जास्त किंमत आहे.

घरात बटर पेपर असेल तर हे लगेच पाहता येईल. त्याच्या तीन पट्ट्या खिडकीच्या काचेवर पायऱ्यांसारख्या चिकटवा : एका जागी एकच थर, पुढे दोन, त्यापुढे तीन. प्रत्येक पायरी सगळीकडे सारखीच करडी आहे. दिसते मात्र वेगळी. गडद पायरीला लागून असलेली फिक्या पायरीची कड जास्तच उजळ वाटते आणि गडद पायरीची कड आणखी काळपट. आता दोघींमधल्या सांध्यावर पेन्सिल आडवी धरा. कडेचा तो उठाव जवळजवळ नाहीसा होतो.

अशाच, पण उजेड हळूहळू उतरत जातो तिथे दिसणाऱ्या पट्ट्यांची नोंद ऑस्ट्रियाचा भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख याने १८६५ साली केली. (विमानांच्या वेगाचा ‘माख’ तो हाच.) त्याने काळ्या-पांढऱ्या तबकड्या गरागरा फिरवल्या आणि तर्क केला, की रेटिनावरचे शेजारी बिंदू एकमेकांवर परिणाम करत असले पाहिजेत. त्या काळी एका चेतातंतूतला संदेश मोजायची सोयच नव्हती, हे लक्षात घेतलं तर या तर्काला दाद द्यावीच लागते.

पुरावा दिला हॉर्सशू क्रॅबने. हा प्राणी ओडिशाच्या किनाऱ्यावरही सापडतो आणि नावात क्रॅब असला तरी खेकडा नाही, विंचू-कोळ्यांच्या गोतावळ्यातला आहे. अमेरिकेतले हाल्डन हार्टलाइन त्याच्या डोळ्यातल्या एकेका तंतूचे संदेश मोजत होते. खोलीतला दिवा लागला की संदेश वाढायला हवेत. ते उलट घटले! शेजारच्या पेशींवर उजेड पडला की त्या या पेशीचा आवाज दाबत होत्या. सपाट भागात सगळ्याच एकमेकींना दाबतात. कडेवर हा हिशेब बिघडतो : उजळ बाजूच्या पेशीला अंधाराकडून कमी दाब, अंधाऱ्या बाजूच्या पेशीला उजेडाकडून जास्त. म्हणून कड उठून दिसते. या कामाबद्दल हार्टलाइन १९६७ च्या नोबेलचे मानकरी ठरले.

माणसाच्या डोळ्यातही अशी दाबादाबी चालते. माखच्या पट्ट्या मात्र पुरत्या तिच्यामुळेच दिसतात की मेंदूही त्यात हात घालतो, यावर अजून वाद आहे. दवाखान्यात त्या त्रासदायक ठरतात. एक्स-रेत दोन हाडांच्या सावल्या एकमेकींवर आल्या, की कडेला काळी रेघ भासते आणि हाड मोडल्याची शंका येते. अशा वेळी डॉक्टर शेजारचा पांढरा भाग झाकून पाहतात. रेघ गेली, तर हाड शाबूत आहे.