गुहागर ते मछलीपट्टणम : उजेडाचा हिशेब

(लेखमाला : एकटा स्वार, भाग ४)

सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे पडलेला पाऊस कोयनेत उतरतो, कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि कृष्णा ते पाणी थेट आंध्रात नेऊन बंगालच्या उपसागरात सोडते. पोफळीच्या पॉवर हाऊसने १९६२ पासून यातल्या काही पाण्याला मागे फिरवलं. धरणातलं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पाचशे मीटरांच्या आसपास खाली येतं, जमिनीच्या पोटातली जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. या वळवावळवीवरून राज्यं भांडली. शेवटी बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली. बाकीचं पाणी अजून पूर्वेलाच जातं.

आपल्याला या आठवड्यात त्या बाकीच्या पाण्याच्या दिशेने जायचं आहे. गेल्या भागात मोटरसायकलची निवड आणि सर्व्हिसिंग झालं. आता मार्ग आणि दिवस कसे ठरवायचे ते एका खऱ्या रस्त्यावर बघू : गुहागरच्या वाळूतून निघून मछलीपट्टणमच्या वाळूत. देशाची ही रुंदी साधारण अकराशे किलोमीटर भरते. बहुतेकांना पहिला मोठा प्रवास म्हटलं की लेह-लडाख दिसतं. माझं मत वेगळं आहे. एकट्याने पहिल्यांदा जाणाऱ्याने उंची आणि बर्फ यांच्या नादी लागू नये. जिथे पन्नास किलोमीटरच्या आत पंप, गॅरेज आणि दवाखाना सापडतो, अशा रस्त्यावर आधी स्वतःचा अंदाज घ्यावा.

रस्ता सोपा आहे. गुहागर ते विजयपूर हा राष्ट्रीय महामार्ग १६६ई. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा रस्ता ओलांडला की खेर्डी, पिंपळी, शिरगाव, पोफळी आणि मग कुंभार्ली घाट. वर हेळवाक, पुढे पाटण, कराड, विटा, जत, विजयपूर. तिथून महामार्ग ५० ने सिंदगी, जेवरगी, कलबुर्गी, हुमनाबाद. हुमनाबादला पुण्याहून येणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग मिळतो आणि तो जहिराबाद, हैदराबाद, सूर्यापेट, विजयवाडा करत मछलीपट्टणमला संपतो. आदिलशाही, बहमनी आणि कुतुबशाही अशा तीन सत्तांच्या राजधान्या याच ओळीत येतात. ज्याला वास्तू बघायची हौस आहे त्याने दोन दिवस वाढवून घ्यावेत. पण ते आधीच वाढवावेत. वाटेत मोह झाला म्हणून वाढवलेला दिवस पुढच्या रात्रीच्या अंधारातून वसूल होतो.

मुख्य मुद्दा तोच आहे. एकट्याच्या प्रवासाचा हिशेब किलोमीटरमध्ये मांडू नका, उजेडाच्या तासांत मांडा. गटाने जाताना एकाचा दिवा गेला तर दुसरा पुढे राहतो, खड्डा पहिल्याला दिसला तर तो हात करतो. एकट्याला यातलं काही नाही. म्हणून अंधार पडायच्या आधी गाडी लॉजच्या आवारात उभी असली पाहिजे, ही अट आधी धरायची आणि बाकी सगळं तिच्यातून काढायचं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गुहागरला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे सव्वाअकरा तास. उगवल्यावर अर्धा तास जाऊ द्यायचा, कारण त्या वेळी घाटात आणि नदीकाठी धुकं असतं. मावळायच्या तासभर आधी थांबायचं. उरले पावणेदहा तास. नाश्ता, जेवण, चहा, पेट्रोल आणि दर दीड तासाला पाठ सरळ करायला दहा मिनिटं, असे मिळून अडीच-पावणेतीन तास जातात. हातात सात तास राहिले. दीडशे सीसीची गाडी मोकळ्या रस्त्यावर सत्तरने धावते हे खरं, पण गावं, गतिरोधक, बाजार आणि दुरुस्तीचे डायव्हर्जन धरून सरासरी चाळीसच्या वर जात नाही. म्हणजे दिवसाला दोनशे ऐंशी. हा वरचा आकडा समजा. अमेरिकेतल्या एका संस्थेने चोवीस तासांत हजार मैल चालवणाऱ्यांना प्रमाणपत्र द्यायची रीत पाडली, आणि आपल्याकडेही तिचं वेड आहे. हौस म्हणून ठीक आहे. पण ज्याला वाटेत झापड आली तर हाक मारायला मागे कुणी नाही, त्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता यात एक गंमत आहे. गुहागर आणि मछलीपट्टणम यांच्या रेखांशात जवळजवळ आठ अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे बत्तीस मिनिटं. घड्याळ देशभर एकच, पण सूर्य नाही. त्याच आठवड्यात मछलीपट्टणमला सहाच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो. कोकणात पहिल्या दिवशी साडेपाचला थांबायची सवय लावलेला माणूस पाचव्या दिवशीही साडेपाचपर्यंत चालवतो आणि कातरवेळेत सापडतो. पूर्वेकडे जाताना थांबायची वेळ रोज सहा-सात मिनिटांनी अलीकडे ओढत न्या. बदल्यात सकाळ लवकर मिळते. शिवाय पूर्वेला जाताना पहिला दीड-दोन तास सूर्य थेट डोळ्यांत असतो. काळी काच लावून निघावंसं वाटतं, पण झाडीच्या सावलीत शिरल्यावर तीच काच खड्डा लपवते. साधी पारदर्शक काच आणि आत गॉगल, म्हणजे एका हाताने उतरवता येतो.

महिना ठरवताना कोकणी माणूस हमखास एक गोष्ट विसरतो. आपल्याकडे दसऱ्याला पाऊस आटोपतो आणि दिवाळीत रस्ते कोरडे होतात, तेव्हा निघायला तीच वेळ उत्तम वाटते. पण आपला समुद्र शांत होतो तेव्हा पलीकडचा खवळतो. आंध्रच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. १ नोव्हेंबर १८६४ ला वादळाने उठलेल्या समुद्राच्या लाटेने मछलीपट्टणम धुऊन नेलं, सुमारे तीस हजार माणसं गेली. १९ नोव्हेंबर १९७७ ला कृष्णेच्या मुखाजवळच्या दिवी सीमा भागात पुन्हा तेच घडलं, आणि सरकारी आकडाच दहा हजारांपलीकडे गेला. आता हवामान खात्याचे इशारे कितीतरी आधी मिळतात. तरी दुचाकीवरच्या माणसाने मुद्दाम त्या तारखा कशाला निवडाव्यात? जानेवारी बरा. त्यातही संक्रांतीचा आठवडा सोडा, कारण तेव्हा हैदराबाद आपापल्या गावी निघतं आणि विजयवाड्याचा महामार्ग गाड्यांनी तुंबतो. संक्रांत होऊन गेल्यावर निघावं. मार्चपासून कलबुर्गीच्या काळ्या रानातलं ऊन हेल्मेटमध्ये सोसत नाही.

पाऊस चुकवण्याचा हा विचार जुना आहे. १४७० च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याने बरोबर एक घोडा आणला होता, विकून पैसे करायला. पावसाळा लागला म्हणून तो जुन्नरला अडकून पडला आणि तिथल्या अधिकाऱ्याने घोडा काढून घेतला. पुढे एकाने रदबदली केली तेव्हा तो परत मिळाला. मग बिदर वगैरे करून निकितिन परतीला लागला तो दाभोळहून, म्हणजे वाशिष्ठीच्या मुखावरून. साडेपाचशे वर्षांनी, २०२५ मध्ये, मुंबईहून सतरा देश ओलांडून इंग्लंडला पोचलेल्या योगेश आळेकरी यांची मोटरसायकल नॉटिंगहॅममध्ये चोरीला गेली. पासपोर्ट आणि कागदपत्रं सामानात होती, तीही गेली. वाहन चोरीला जाणं आपल्या हातात नसतं. कागद वाहनावर ठेवायचे की अंगावर, हे असतं. परवाना, ओळखपत्र, थोडी रोख आणि रक्तगट लिहिलेला कागद कमरेच्या पट्ट्यात. आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी एक छापील प्रत गाडीत आणि एक घरी. सामान कसं बांधायचं ते पुढच्या आठवड्यात.

मुक्काम असे पाडता येतात. पहिला दिवस गुहागर ते कराड, जेमतेम दीडशे किलोमीटर. हा दिवस मुद्दाम आखूड ठेवायचा, कारण बॅग कुठे सरकते, आरसा कुठे हलतो, हातमोजा कुठे काचतो हे पहिल्याच दिवशी कळतं आणि कराडला ते दुरुस्त करून देणारे मेस्त्री मुबलक आहेत. शिवाय याच दिवशी घाट आहे. पोफळी मागे पडली की वळणं सुरू होतात. चढावर गाडी धापा टाकायच्या आधी गिअर उतरवा. समोरून उतरणाऱ्या ट्रकला वळणात अख्खा रस्ता लागतो, म्हणून आतल्या बाजूला घुसून ओव्हरटेक करायची घाई नको. परतताना हाच घाट उतारावर असतो. तिथे पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर सोडायची जी सवय आपल्याकडे आहे, ती सोडलेलीच बरी. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, इंजिन गाडी धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापतात आणि ऐन वळणावर दाबूनही धरत नाहीत.

दुसरा दिवस कराड ते विजयपूर. जानेवारीत इथे साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, बहुतेकांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. दिवसा ते नुसते संथ, अंधारात ते दिसतच नाहीत. उजेडाची अट मी का धरून बसलो आहे ते इथे पटेल. तिसरा दिवस कलबुर्गी करून हुमनाबाद. चौथा सर्वांत लांब, सूर्यापेटपर्यंत तीनशेच्या आसपास, म्हणजे दोनशे ऐंशीच्या मर्यादेला एवढाच एक अपवाद. हैदराबादेत शिरताना एक अडचण येते. शहराला वळसा घालणाऱ्या आऊटर रिंग रोडच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकीला बंदी आहे, आणि नकाशा चारचाकीच्या सेटिंगवर राहिला तर तो नेमका तिथेच नेऊन सोडतो. मोबाइलमध्ये दुचाकीचं चिन्ह निवडा, आणि कचेऱ्या सुटायच्या आत शहराबाहेर पडा. पाचव्या दिवशी विजयवाड्याला कृष्णा भेटते. तिथून सत्तर किलोमीटरवर मछलीपट्टणम, आणि गावापलीकडे मंगिनपुडीचा समुद्र.

घरच्यांसाठी एक कागद करा. त्यावर रोजच्या मुक्कामाचं गाव, लॉजचा फोन आणि कळवायची एक ठरलेली वेळ, समजा संध्याकाळी सात. दिवसभर लोकेशन पाठवत बसू नका. घाटात रेंज जाते आणि इकडे आईचा जीव टांगणीला लागतो. सातला निरोप नाही, आठपर्यंत फोन लागला नाही, तर कुणाला फोन करायचा हेही त्याच कागदावर असू द्या. महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३, बाकी कशासाठीही ११२.

परतीचा विचार लोक करतच नाहीत. येताना उन्हाची तऱ्हा उलटी होते. दुपारी तीननंतर सूर्य समोर येतो आणि तोवर अंग थकलेलं असतं. म्हणून परतीचे मुक्काम आणखी आखूड ठेवा, चारला थांबा. रजा कमी असेल तर विजयवाड्याहून गाडी रेल्वे पार्सलने पाठवता येते. आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, गोणपाटाचं पॅकिंग लागतं आणि टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. ज्या स्टेशनवर उतरवून घेणार तिथून जवळचा पंप किती लांब आहे ते पाठवण्याआधीच पाहून ठेवा. तिथपर्यंत गाडी ढकलतच न्यायची असते.