‘मगरिब’ पुन्हा ऐकताना: व्ह्यूजचा आकडा नेमकं काय मोजतो?

दिवाळीत गावी, सानगडीला गेलो होतो. चुलतभावाने झाडीबोलीत एक रॅप करून यूट्यूबवर टाकला होता. तीन महिन्यांत २१२ व्ह्यूज. त्यातले दहा-बारा तर माझेच असतील. मंडईत दंडार बघून रात्री परत येताना तो म्हणाला, "काढून टाकतो दादा. कोनी आयकतच नाही ना, तं चांगला नसनच तो."

कोणी ऐकत नाही हे खरं होतं. पण म्हणून तो चांगला नसेल, हे त्यातून निघत नाही. माझं पीएचडीचं काम गोष्टी लोकांमध्ये कशा पसरतात याच्या गणिताचं आहे, त्यामुळे त्याला तिथेच उत्तर द्यायला हवं होतं. सुचलं नाही, म्हणून ही पोस्ट. उदाहरण मात्र त्याच्या आवडत्या माणसाचं घेतो.

कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आयपॅडवर शूट केलेलं ‘आफत’ टाकलं. २०१५ मध्ये डिव्हाइनसोबत ‘मेरे गली में’ आलं. या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला ‘गली बॉय’ फेब्रुवारी २०१९ मध्ये लागला आणि रॅप आमच्या साकोली तालुक्यातल्या पोरांच्या मोबाइलपर्यंत पोहोचला. पुढे काय झालं बघा. डिव्हाइनचा पहिला अल्बम ‘कोहिनूर’ ऑक्टोबर २०१९ मध्ये, सिनेमाची हवा असतानाच आला, आणि पाठीशी मास अपील इंडिया हे नवं लेबल होतं. नेझी मधल्या काळात बराच गायब होता. त्याचा पहिला अल्बम ‘मगरिब’ आला २०२० मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये देश बंद झाला आणि स्टेज शोही बंद. आज कोणालाही विचारा, नेझी म्हटलं की ‘आफत’ आठवतं. ‘मगरिब’ म्हणजे मावळत, आणि त्या वेळची नमाजही. पहिल्याच अल्बमला मावळतीचं नाव देणारा माणूस मला तरी इंटरेस्टिंग वाटतो. मी २०२० मध्ये तो अल्बम अर्धवट सोडला होता, कारण मला अजून एक ‘आफत’ हवं होतं. आता सलग ऐकला तर एका गायब झालेल्या माणसाचं परत येणं त्यात ऐकू येतं. हे माझं मत. पण माझं २०२० चं मतही माझंच होतं ना? मग फरक कशाने पडला?

आता गणिताकडे. एक मडकं घ्या. त्यात एक लाल आणि एक पांढरा मणी. न बघता एक काढायचा, परत टाकायचा आणि सोबत त्याच रंगाचा एक नवा टाकायचा. हे हजार वेळा करा. लाल मण्यांचं प्रमाण हळूहळू एका ठिकाणी स्थिर होतं. पण कुठे? कुठेही! एका मडक्यात ९० टक्के लाल, शेजारच्यात २० टक्के. लाल मणी पांढऱ्यापेक्षा ‘चांगला’ नव्हताच. सुरुवातीच्या दोन-चार हातांनी पुढचं सगळं वळवलं. याला पोल्याचं मडकं म्हणतात. जे आधी पुढे गेलं त्यालाच आणखी मिळतं, एवढाच त्याचा नियम.

माणसं म्हणजे मणी नाहीत, हे मान्य. म्हणून सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी माणसांवरच प्रयोग केला, तो २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. १४,३४१ लोक आणि अनोळखी बँडची ४८ गाणी. वेबसाइटवर ऐका, आवडलं तर डाउनलोड करा. काही लोकांना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटलं होतं, आणि तिथे आपल्या जगातल्या इतरांनी किती डाउनलोड केलं तो आकडाही दिसायचा. आठही जगं शून्यापासून सुरू. तरी प्रत्येक जगात हिट गाणी वेगळी निघाली. एक गाणं आकडे न दिसणाऱ्या गटात २६ वं होतं. तेच एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळिसावं. (गाण्याचं नाव ‘लॉकडाउन’. नेझीचा विषय चालू असताना हे वाचून मला हसावं की रडावं कळेना.) आणि आकडे क्रमवारी लावून दाखवले तेव्हा हिट-फ्लॉपमधली दरी आणखी वाढली. आपली आजची सगळी ॲप्स हेच करतात.

इथे थोडं थांबा, नाहीतर माझा भाऊ भलताच खूश होईल. त्याच प्रयोगात सर्वांत चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सर्वांत वाईट क्वचितच वर आली. गोंधळ होता तो मधल्या मोठ्या पट्ट्यात. म्हणजे ‘कोणी ऐकलं नाही’ यावरून ‘म्हणजे भारीच असणार’ असंही म्हणता येत नाही. आणि तिथे ‘चांगलं’ म्हणजे तरी काय, तर आकडे न बघता जास्त लोकांनी निवडलेलं. एखाद्यालाच खोल भिडणारं गाणं त्या मापात येतच नाही.

सॅल्गानिक आणि वॉट्स यांनी २००८ मध्ये आणखी एक गंमत केली. यादी मुद्दाम उलटी करून दाखवली, म्हणजे वरचं खाली, खालचं वर. बरीच गाणी त्या खोट्या आकड्यांवरच तरंगत राहिली. पण सर्वांत आवडती गाणी हळूहळू पुन्हा वर सरकू लागली. फक्त एकूण डाउनलोड कमी झाले. चुकीची यादी दिसली की लोक एकंदर ऐकणंच कमी करतात, असा मी त्याचा अर्थ लावतो.

‘मगरिब’ला हे लावलं तर एवढंच म्हणता येतं की २०२० चा निकाल आठपैकी एका जगाचा होता. बाकीची सात जगं आपल्याला बघायला मिळत नाहीत. आपल्या हातात आहे ते आकडे न दिसणाऱ्या गटात जाऊन बसणं. मी स्क्रीन झाकून, एसटीत साकोली ते नागपूर, अल्बम सलग लावला होता. तुम्हीही करून बघा, आणि नाही आवडला तर तसं बिनधास्त लिहा.

हे सगळं भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मंग दंडारीत कसं होते? तिथं तं आकडा नसते." मी म्हटलं, तिथे आकडा नसतो, पण शेजारचा हसला की आपणही हसतोच की. त्यावर तो बराच वेळ गप्प होता. व्हिडिओ अजून काढलेला नाही. काल बघितलं तर २३१, आणि यावेळी त्यातला एकही माझा नाही.