पेटीचा गांधार

वणीसारख्या वऱ्हाडांतील गांवापासून मुंबईच्या बैठकीपर्यंत पेटी आतां घरचीच झाली आहे. मात्र तिच्या पट्ट्यांची जुळणी ज्या विचारांतून निघाली, तो विचार सतराव्या-अठराव्या शतकांत, ‘बरोक’ म्हटल्या जाणाऱ्या युगांत, युरोपमध्यें चालला होता.

त्या काळीं पट्ट्यांचीं वाद्यें मुख्यतः तीन. ऑर्गनमध्यें भात्याचा वारा नळ्यांतून वाजे. हार्पसिकॉर्डमध्यें पिसाच्या काडीचें टोक तार छेडी. बोट हलकें पडो वा जोरानें, नाद जवळजवळ सारखाच. क्लॅव्हिकॉर्डमध्यें पितळेची लहानशी पट्टी तारेवर आघात करी. आवाज अतिशय नाजूक, दिवाणखान्यापुरताच.

तिन्हींची अडचण एकच होती. गवई आपला सूर क्षणोक्षणीं सांवरतो; पट्टीचा सूर आधींच लावून ठेवावा लागतो. षड्जापासून शुद्ध पंचमामागून पंचम असे बारा पंचम लाविले, तर सात सप्तकांनंतर षड्ज किंचित् चढा येतो. हा अधिक अंश कोठें जिरवावयाचा? जुन्या रीतींत गांधार शुद्ध राखण्यासाठीं अकरा पंचम किंचित् उतरवीत. त्यामुळें उरलेला बारावा इतका बेसूर होई कीं त्याला ‘लांडगा’ हें नांव पडलें. मग कित्येक पट्ट्यांना षड्ज मानून वाजविणें अशक्यच! १७२२ मध्यें बाख यानें बाराही स्वरांवरून, मेजर व मायनर अशा दोन्ही प्रकारांत, प्रत्येकीं एक याप्रमाणें चोवीस जोड-रचना केल्या आणि योग्य जुळणीनें सर्व वाटा मोकळ्या होतात हें दाखविलें. बाराही अंतरें अगदीं समान करण्याची रीत पुढें रूढ झाली.

१८४२ मध्यें पॅरिसच्या देबें यानें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. त्या वाद्याबरोबर समान जुळणीही हिंदुस्थानांत आली. सप्तकाचे १२०० भाग कल्पिले, तर नैसर्गिक गांधार सुमारें ३८६ व्या भागावर येतो, पेटीचा मात्र ४०० व्या. पंचमांतील फरक दोनच भागांचा. म्हणून कान अडखळतो तो गांधारावर. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमंट्स यांनीं श्रुतींच्या पेटीचा प्रयत्न केला; पण ती रूढ झाली नाहीं. १९४० मध्यें ऑल इंडिया रेडिओनें पेटीला बंदी केली. ती १९७१ च्या सुमारास शिथिल होऊं लागली. त्याच पेटीला गोविंदराव टेंबे यांनीं स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती.

युरोपीय संगीताला षड्ज वारंवार बदलावयाचा असतो. त्यासाठीं त्यानें गांधाराची शुद्धता सोडली. भारतीय मैफलींत षड्ज अचल असतो, म्हणून तो त्याग आवश्यक नाहीं; एका ठराविक पट्टीसाठीं पेटी नैसर्गिक स्वरांत लावून घेतां येते. श्रोत्यांनीं जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जांतून उमटणारा स्वयंभू गांधार ऐकावा व मग पेटीची पट्टी दाबावी. दोन शतकांचा वाद त्या दोन सुरांच्या अंतरांत ऐकूं येईल.